चितळांची आडवी वाट

मित्रांनो, पारशिवनीच्या पुढे जी टेकडी आहे, तिच्यावरची मी एक जुनी पायवाट आहे. खरं तर वाट म्हणवून घ्यायलाही मला संकोच वाटतो. मला कोणी बांधलं नाही. पिढ्यान् पिढ्या चितळांचे खूर एकाच ठिकाणी पडत गेले आणि गवतात एक रेघ उमटली, ती मी.

मला सर्वांत मोठं कुतूहल माझ्याबद्दलच वाटत आलं आहे. मी अशी वाकडी का? टेकडीवरून खालच्या नाल्यावर पाण्याला जायला सरळ घळ आहे. तरी चितळं माथा ओलांडतात ती खिंडीतून, आणि मग उतारावरून आडवी आडवी उतरतात. माथ्यावरून चाललं तर आभाळावर अंग उठून दिसतं म्हणून? तळाच्या झुडपांत बिबट्या दबा धरतो म्हणून? तर्क पुष्कळ केले. खात्री एकाचीही नव्हती.

माझ्या पायथ्याशी नत्थू आणि कौसल्या या नवराबायकोचं शेत होतं. एकोणीसशे अडुसष्टच्या हिवाळ्यात तिथे हरभरा होता आणि त्यावर घरचं वर्ष निघायचं होतं. चितळं संध्याकाळी धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या, कडेने नाल्यावर जात आणि जाता जाता कोवळे शेंडे खुडत. नत्थू चिडला. बोराटीचे काटे आणून त्याने खिंडच बुजवून टाकली. मी पहिल्यांदाच रिकामी पडले.

पण तहान काट्यांनी थांबत नाही. चितळं घळीतून उतरली. तिथले दगड सुटे. कळपाला पाय आवरेनात, आणि तो थेट शेताच्या मधोमध येऊन पडला. एका संध्याकाळीत निम्मा हरभरा तुडवला गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नत्थू कुदळ घेऊन घळीच्या तोंडाशी खड्डा खणू लागला. पडतील आणि मरतील, असं तो पुटपुटत होता. तेवढ्यात डोक्यावर सरपणाची मोळी घेऊन कौसल्या माझ्यावरून उतरली. तिने मोळी खाली टेकवली.

"खड्डा राहू द्या," ती म्हणाली. "खिंडीतले काटे काढा."

"येडी झाली काय वं? दार उघडून पाव्हण्याले जेवाले बोलवू?"

"डोक्श्यावर मोळी असली का मी बी घळीनं नाही उतरत. आडवी आडवी येतो. कळपाच्या समोर चालते त्या हरणीच्या पोटात पिलू हाये. तिले ओझं नाही काय? पटत नसन त घ्या मोळी, अन् उतरून दाखवा घळीनं."

नत्थूने मोळी उचलली, घळीच्या माथ्यावर चढला आणि मोठ्या ऐटीत निघाला. अर्ध्यावर दगड निसटला. पुढची घळ तो बसूनच उतरला. मोळी त्याच्याआधी पोचली.

"मोळीले घाई होती वाटते," कौसल्या म्हणाली.

धोतर झटकून नत्थू खिंडीकडे गेला. तेच काटे आणून दोघांनी धुऱ्याच्या कडेने नाल्यापर्यंत लावले आणि चितळांपुरती एक गल्ली मोकळी सोडली. त्या संध्याकाळी जड पोटाची एक मादी खिंडीत थबकली. तिने हवा हुंगली आणि पहिला खूर माझ्यावर ठेवला. कळप तिच्या मागे आला. उरलेला हरभरा घरी गेला. कडेचे शेंडे चितळांनी खाल्लेच, ते मी लपवत नाही.

आता खालून सडक झाली आहे. माणसं माझ्यावरून येत नाहीत, आणि माझ्या अंगावर तरोट्याचं तण माजलं आहे. एखाद्या दिवशी कोणी मला बुजवेल, किंवा सरळ करायला घेईल.

मित्रांनो, डोंगरावर अशी आडवी रेघ दिसली, तर तिला हात लावण्याआधी पाठीवर थोडं ओझं घ्या आणि एकदा तिच्यावरून उतरून बघा. कोणे एके काळी एक हरणी इथे पहिल्यांदा वळली असेल. तिच्या पोटातलं पिलू सुखरूप खाली पोचलं असेल. नाहीतर त्याच वाटेने ती पुन्हा कशाला आली असती?