दोन पायांचा शिक्का

मित्रांनो, शिक्का म्हटला की तुम्हांला गोल रेघ आणि तिच्या आत एखाद्या कचेरीचे नाव आठवेल. माझ्या रबरावर एकही अक्षर नाही. कमरेखालचे दोन पाय आणि प्रत्येक पायातून खाली उतरणारी एक जाड रेघ, एवढेच माझ्यावर उठलेले आहे. ती रेघ म्हणजे धमनी. हृदयाकडून आलेले रक्त ती पायाच्या बोटांपर्यंत नेते.

मी १९८३ साली रत्नागिरीच्या रामआळीत तयार झालो. मुंबईचे एक शल्यचिकित्सक महिन्यातून दोनदा इथल्या एका खाजगी रुग्णालयात येत आणि पायांच्या बंद पडलेल्या धमन्यांवर शस्त्रक्रिया करीत. त्यांनी औषधाच्या चिठ्ठीमागे माझे चित्र काढून दिले. लवू शिक्केवाल्याने ते उलटसुलट करून पाहिले.

"अक्षर एकपण नाय?" तो म्हणाला. "मग लोक चूक कुठली काढतील?"

तरी त्याने प्लास्टरचा साचा केला, तापलेल्या दाबयंत्रात रबर बसवले आणि मला फणसाच्या लाकडाची मूठ लावली.

रुग्णालयात मी राही मयेकर या कारकून बाईच्या टेबलावर राहू लागलो. बिले तयार करणे हे तिचे काम. रोग्याचे बिल त्याच्या कचेरीकडे किंवा कारखान्याकडे पाठवायचे, तर प्रत्येक शस्त्रक्रियेला ठरलेला क्रमांक घालावा लागे. राही तो छापील यादीत शोधी, दोनदा पडताळी आणि मग कागदाच्या कोपऱ्यात मला उठवी. पायांखाली ती हाताने 'उ' आणि 'डा' लिही आणि धमनी जिथे बंद होती, तिथे लाल शाईची फुली मारी. कागद तपासणाऱ्याला शस्त्रक्रियांची इंग्रजी नावे कळोत न कळोत, फुली कळत असे. तीन वर्षांत माझा एकही कागद परत आला नाही. डॉक्टर एकदा म्हणाले, "या शिक्क्याने माझा निम्मा पत्रव्यवहार वाचवला." माझ्या वाट्याला आलेले कौतुक तेवढेच.

१९८६च्या जानेवारीत भागोजी शिगवण भरती झाला. खेडजवळच्या एका कारखान्यात तो बॉयलरवर काम करी. वय पन्नाशीचे, विडी पंचवीस वर्षांची. चार पावले टाकली की डावी पोटरी आवळून येई. डाव्या मांडीतली धमनी बंद झाली होती. अशा वेळी रोग्याच्याच पायातली एक शीर काढतात आणि बंद भागाला वळसा घालून ती धमनीला जोडतात. भागोजीच्या डाव्या पायातली शीर बारीक निघाली, म्हणून डॉक्टरांनी ती धडधाकट उजव्या पायातून घेतली.

राहीने यादीतला क्रमांक घातला. त्या क्रमांकात शीर काढण्याचे काम धरलेलेच होते. ते वेगळे दाखवायचे नाही, असा नियम होता. तिने मला उठवले, डाव्या मांडीवर फुली मारली आणि उजवा पाय कोरा ठेवला. नियमाप्रमाणे कागद अचूक होता.

मार्चमध्ये भागोजी कामावर हजर व्हायला गेला. कारखान्यात बिले तपासणाऱ्या रावजी गुरवांनी त्याला पाय दाखवायला सांगितले. डाव्या गुडघ्याच्या वर आतल्या बाजूला बोटभर व्रण होता. दुसरा जांघेत होता, तो भागोजीने लाजेने दाखवलाच नाही. उजव्या पायावर मात्र घोट्यापासून मांडीपर्यंत टाक्यांची लांब वाट होती. कागदावर तोच पाय कोरा. रावजींनी शेरा लिहिला: "शस्त्रक्रिया उजव्या पायावर, बिल डाव्या पायाचे. बनावट असण्याचा संशय." भागोजीला घरी बसवले. सहा आठवडे कारखान्याच्या कचेऱ्यांतच पत्रे गेली आणि आली. शेवटी रुग्णालयाला आणि भागोजीला कळवले गेले, की शनिवारपर्यंत खुलासा झाला नाही, तर त्याला कामावरून काढण्यात येईल.

रावजी गुरुवारी स्वतः रुग्णालयात आले. मागोमाग पहिल्या एस.टी.ने भागोजी आणि त्याची बायको तुळसा आली. डॉक्टर येणार होते पुढल्या आठवड्यात. राहीने मुंबईला ट्रंक कॉल लावला. ते दिल्लीला गेल्याचे समजले.

"मी खोटा नाय, साहेब," भागोजी म्हणाला. "माझीच शीर, माझ्याच पायात. एका खिशातली दुसऱ्या खिशात ठेवलंनी डाक्टरांनी."

"तेवीस वर्षं सांगत होते, इडी सोडा," तुळसा म्हणाली. "तवा ऐकलंनी नाय. आता गावभर पाय दाखवीत फिरा."

"तू गप ऱ्हा गो."

रावजींना हसू आले नाही. "बाई, हा कागद तुमचा ना? यावर उजवा पाय कोरा का?"

राहीने मला मुठीत धरले होते.

"शीर काढण्याचं काम त्या क्रमांकातच धरलेलं असतं," ती म्हणाली. "वेगळं दाखवलं असतं, तर एका ऑपरेशनची दोन करून लावली, असं तुम्हीच म्हणाला असतात."

रावजींनी कागदावरचा क्रमांक पुन्हा वाचला. "म्हटलं असतं," ते म्हणाले. "पण मला आज पुरावा हवा."

राही शस्त्रक्रियागृहातल्या वृद्ध परिचारिका आनंदीबाईंना बोलावून आली. त्यांनी नोंदवही आणली. त्यात तारीख होती, उजव्या पायातून शीर घेतल्याची ओळ होती आणि आधीच्या तपासणीतले एक वाक्य होते: डाव्या पावलावर नाडी लागत नाही.

"वही तुमचीच," रावजी म्हणाले.

"पाय तर त्याचा आहे ना?" आनंदीबाईंनी विचारले. त्यांनी भागोजीला बाकावर निजवले, रावजींची दोन बोटे धरली आणि डाव्या पावलाच्या वरच्या बाजूला ठेवली. "दाबू नका. नुसती टेकवा. आधी इथे नाडी लागत नव्हती, हे त्याला इकडे पाठवताना तुमच्या कारखान्याच्या डॉक्टरांनीच लिहिलं होतं."

रावजींनी डोळे मिटले. बराच वेळ त्यांची बोटे तिथेच होती. मग त्यांनी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिले आणि ओठ हलवीत ठोके मोजले.

"लागते," ते म्हणाले.

"लागणारच," तुळसा म्हणाली. "त्याच्यासाठीच तर कापलंनी."

राहीने नवा कागद घेतला आणि मला उठवले. डाव्या मांडीवर लाल फुली मारली. उजव्या पायावर घोट्यापासून मांडीपर्यंत निळी रेघ ओढली आणि शेजारी लिहिले: "शीर येथून घेतली. वेगळी आकारणी नाही." रावजींनी खाली सही केली आणि आपला जुना शेरा आडव्या रेघेने खोडला. भागोजी सोमवारी कामावर रुजू झाला. त्याचे सात आठवडे मात्र घरी बसण्यात गेले होते.

त्यानंतर माझ्या प्रत्येक ठशावर गरजेप्रमाणे निळी रेघ येऊ लागली. १९८९मध्ये पायांचे चित्र असलेले छापील अर्ज आले आणि माझे काम संपले. आता मी खणात आहे. रबराला भेगा पडल्या आहेत. उजव्या पायाचा अंगठा तुटून गेला आहे. रबर आहे, ते झिजणारच. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

मित्रांनो, माझे मागणे एवढेच. उद्या तुमच्या हातून कोणाचा कागद जाणार असेल, तर त्यावर शिक्का उठवण्याआधी त्या माणसाला एकदा समोर उभे करा. कागदाने जे विचारले नाही, तेही त्याला विचारा. भागोजीच्या बाबतीत राही खोटे बोलली नव्हती आणि रावजींनीही डोळ्यांना दिसले तेच लिहिले होते. मीही दोन्ही पाय बरोबर उठवले होते. आमच्यापैकी कोणीही लबाडी केली नव्हती, आणि तरी एका माणसाची नोकरी जायला दोनच दिवस उरले होते.