उलट्या माणसाचं चित्र

या ग बायांनो, अशा पुढं सरका, या खांबाजवळ बसा. बुवांची गाडी अजून आलेली नाही आणि पेटीवाला नुसता सूर धरून बसला आहे. तोवर मी एक आख्यान लावते. यात राजा नाही, राणी नाही. कीर्तनाला याच खांबाला टेकून बसणारी एक बाई आहे, आणि तुमच्यातल्या कितीतरी जणींचा पहिला चुडा तिनंच भरला आहे.

‘मूठ सोड की ग. हाडं मोडाय बसलीया व्हय मी?’

हे बाळाबाई कासारणीचं बोलणं. समोर नवी नवरी, डोळ्यांत पाणी, हात दगडासारखा घट्ट आणि बांगडी मुठीशी अडलेली. मग बाळाबाई कमरेची पिशवी सोडायची, आतली पत्त्यांसारखी चित्रं जमिनीवर पालथी पसरायची आणि म्हणायची, ‘दुसऱ्या हातानं एक उचल. तुजं कंचं निगतंय बघू.’ नवरी चित्र उचलायची. बाळाबाई त्या चित्राची गोष्ट सुरू करायची. ऐकता ऐकता पोरगी आपला हात विसरायची, आणि गोष्ट संपेपर्यंत मनगट हिरवंगार झालेलं असायचं. बांगडी क्वचितच वाढायची. फुटली म्हणायचं नाही, ‘वाढली’ म्हणायचं, हे तर तुम्हाला ठाऊक आहेच. मग नवरी कासारणीच्या पाया पडायची आणि बाळाबाई तिच्या गालावरून हात फिरवायची.

ती चित्रं आपल्याकडची नव्हती. लढाईच्या काळात शेजारच्या वळिवड्याला पोलंडच्या लोकांची छावणी होती. गोऱ्या बायका, पोरं, म्हातारी माणसं, बराकींसमोर फुलझाडं लावून राहिलेली. आमच्या उचगावातून बाळाबाई तिथं बांगड्या घेऊन जायची. त्यांच्यातली एक पिकल्या केसांची बाई होती, तिला ही मारियाक्का म्हणायची. ही आपली कोल्हापुरी बोलायची, ती तिचं पोलंडचं, आणि दोघी कितीतरी वेळ शेजारी बसायच्या. दोघींना कळणारा एकच शब्द होता, इटली. बाळाबाईचा नवरा जोतीराम पलटणीबरोबर इटलीला गेला आणि तिथं बेपत्ता झाला. मारियाक्काचा नवराही तिथंच लढायला गेलेला, त्याचीही खबर नव्हती. लढाई संपली, देश स्वतंत्र झाला, छावणी उठायला लागली. तेव्हा निघताना मारियाक्कानं ही चित्रं बाळाबाईच्या ओटीत घातली.

तिकडे त्यावरून भविष्य बघतात म्हणे. कसं बघतात ते बाळाबाईला कुणी शिकवलं नव्हतं. तिला एकच विद्या येत होती, कीर्तन ऐकायची. बुवा जसे एका चरणातून अख्खी गोष्ट उलगडतात, तशी ती चित्रातून उलगडायची. कंदील धरून निघालेला म्हातारा होता. ‘दुसऱ्याला वाट दावतोय, सोता अंधारात हाय,’ असं ती सांगायची. गाठोडं खांद्यावर टाकून चाललेला, मागं कुत्रं लागलेला एक होता, तो खंडोबाचा वाघ्या. सिंहाचा जबडा हातांनी धरलेली बाई निघाली की बाळाबाई तिला देवी मानून आधी चित्र कपाळाला लावायची, मगच बोलायची. एका चित्रात एक उघडी बाई नदीकाठी दोन घागरींनी पाणी ओतत होती. तिला बाळाबाईनं लाखेच्या रंगानं चोळी काढली. ‘पावणी झाली म्हनून काय, अशीच बसू दिऊ?’ आणि कोयता घेतलेला हाडांचा सापळाही होता. तो निघाला की पोरी दचकायच्या. बाळाबाई त्याच्या पायाशी बोट ठेवायची. तिथं बारीक बारीक कोंब रंगवलेले होते. ‘रान मोकळं कराय आलाय बिचारा. कोंब बघ की,’ म्हणायची.

मी हरिकथेत वाढलेली बाई. चांगले चांगले बुवा ऐकले. पण भीतीच्या चित्रातला कोंब सगळ्यांत आधी दिसावा, ही नजर मी फार थोड्यांपाशी पाहिली.

गावात बोलबाला झाला की बाळाबाईची चित्रं खरं सांगतात. ती हसून सोडून द्यायची. एकदा मी विचारलं, स्वतःसाठी कधी उचललंस का. तर म्हणाली, ‘माजं चित्र मारियाक्कानं जाताना दावलंया, माई. पुन्ना कशाला उचलू?’ कुठलं, ते तिनं सांगितलं नाही.

पोलंडचे लोक गेले आणि त्याच बराकींत सिंधी निर्वासित आले. त्यांच्यातली ईश्वरी, तिचं वय पंचविशीच्या आतलं. फाळणीच्या दंगलीत तिचा नवरा स्टेशनावर चुकला, तो सापडलाच नाही. घरात तिचा दीर आणि म्हातारी सासू. सासू दिवसभर दाराकडे तोंड करून बसायची, जेवायची नाही. दीर वाईट माणूस नव्हता, थकला होता. एकदा काय ते ठरावं, भावाचं श्राद्ध घालावं, आईनं रडून मोकळं व्हावं, असं त्याच्या मनात होतं. पण श्राद्ध घातलं की ईश्वरीचं कपाळ आणि मनगट कायमचं मोकळं होणार. तिच्या बांगड्या इकडे येताना वाटेत एकेक करून वाढल्या होत्या, नव्या भरायला दीर नको म्हणत होता आणि कुंकू पुसायला ती नको म्हणत होती.

नागपंचमीच्या आदल्या दिवशी मी बांगड्या भरायला बाळाबाईच्या ओट्यावर बसले होते, तर तो ईश्वरीला घेऊन आला. मोडक्या हिंदी-मराठीत त्यानं सांगितलं, तुझी चित्रं खरं बोलतात असं सगळे म्हणतात. आज ही एक उचलेल. निघेल ते आम्ही दोघांनी मान्य करायचं ठरलं आहे.

बाळाबाईचा चेहरा उतरला. माझी चित्रं पोरींना रमवायला आहेत, असं ती पुन्हा पुन्हा सांगत राहिली. दीर हात जोडून उभाच. शेवटी ईश्वरीच खाली बसली आणि तिनं बाळाबाईपुढं आपली आवळलेली मूठ धरली. बाळाबाईनं ती मूठ मांडीवर घेतली आणि चित्रं पालथी पसरली.

ईश्वरीनं उचललं आणि उलटं केलं. फांद्या तोडलेल्या दोन झाडांवर आडवं लाकूड, आणि त्याला टांगलेला एक माणूस.

दीर ओट्यावर बसला. फाशी, एवढंच म्हणाला, आणि त्यानं तोंड झाकून घेतलं. ईश्वरी रडलीसुद्धा नाही.

बाळाबाई तिचा हात चोळत होती. चोळता चोळता, कीर्तनाला सुरुवात करावी तशी सावकाश बोलायला लागली.

‘दादा, तोंडावरचं हात काडा आनि नीट बघा. फाशी गळ्याला असती. ह्येचा गळा मोकळा हाय. एक पाय तेवडा बांदलाय.’

दीरानं पाहिलं.

‘त्वांड बघ पोरी ह्येचं. वरडतोय का? कन्हतोय का? सगळं जग ह्येला उलटं दिसतंय, पर चित्त ठिकानावर हाय. झाडाच्या फांद्या तोडल्याती, झाड उबंच हाय.’ तिनं दोरीतून एक बांगडी काढली. ‘ह्यो जिता हाय का न्हाय, ते ह्या कागदाला ठावं न्हाय. मलाबी न्हाय. सरकारलाबी न्हाय. अडाकलाय, येवडंच दिसतंय. आनि अडाकलेल्या मानसाची कुनीतरी वाट बगायची असती. मारियाक्का जाताना ह्येच चित्र काडून दावली मला. आदी सोताच्या छातीवर बोट ठेवली, मग माज्या. माजाबी इटलीत असाच टांगलाय, दादा. मी काय बांगड्या उतरल्या न्हाईत. कुनी उतर म्हनलं तर त्येनं आदी त्येला खाली उतरून आनावा.’

एवढं बोलून तिनं हात मागं घेतले. तेव्हा मला दिसलं, ईश्वरीची मूठ केव्हाच सुटली होती आणि दोन्ही मनगटांत चुडा होता. एकही बांगडी वाढली नव्हती.

ईश्वरी बाळाबाईच्या पाया पडली. दीरानं वहिनीच्या हातांकडे पाहिलं. मग तोही उठला, वाकला, ओट्याला हात लावून तो कपाळाला लावला आणि वहिनीला म्हणाला, चल, आई वाट बघत असेल. श्राद्धाचं नाव त्यानं पुन्हा काढलं नाही. म्हातारी सुनेच्या बांगड्यांचा आवाज ऐकून जेवायला लागली, असं ईश्वरीच नंतर सांगायची.

ईश्वरीचा नवरा आला नाही. जोतीरामही आला नाही. गोष्ट गोड करायची म्हणून मी खोटं सांगणार नाही, देवळात बसले आहे.

गेल्या वर्षी बाळाबाई गेली. शेवटच्या आजारात अंगाला सूज आली, तेव्हा डॉक्टरांनी बांगड्या कापून काढल्या होत्या. तिला अंगणात ठेवलं आणि वाद निघाला. भावकीतला केरबा म्हणाला, सरकारनं जोतीरामाला कधीच मयत धरलंय, तिला मोकळ्या हातानंच न्यायचं. बायका म्हणाल्या, जन्मभर चुडा घातला तिनं. कुणी पुढं होईना, कुणी मागं हटेना.

तेवढ्यात वळिवड्याच्या वाटेनं ईश्वरी आली. कुणाशी बोलली नाही. बाळाबाईच्या उशाशी बसली, तिच्या कमरेची पिशवी सोडली, उलट्या माणसाचं चित्र शोधून काढलं आणि तिच्या छातीवर ठेवलं. हात ताठ होत आला होता. तो मांडीवर घेऊन ती चोळू लागली आणि तिच्या मराठीत, अडखळत, तिला सांगू लागली.

‘बाळाआक्का, बघ की. गळा मोकळा हाय. एक पाय तेवढा बांधला. तोंड बघ, रडतो का? अडकला होता, आक्का. आता तू चालली, तू सोड त्याला.’

केरबानं टोपी काढली. बाळाबाईच्याच दोरीतल्या हिरव्या बांगड्या एकेक करून चढल्या. एकही वाढली नाही. मग ईश्वरी बाळाबाईच्या पायांवर डोकं ठेवून पडून राहिली.

बायांनो, बुवा आले वाटतं, गाडीची घंटी वाजली. टाळ घ्या. एवढंच मागते, उद्या कुठं बांगड्या भरायला बसाल आणि हात आवळून येईल, तेव्हा डोळे मिटा आणि आमच्या बाळाबाईला आठवा. मूठ आपोआप सुटेल.