फिद्दाने कप खाली ठेवला

आमचे हे, म्हणजे आमच्या जासरचे वडील, गावाचे अबू जासर, विरोधी पक्षातले, म्हणजे घर सोडून सगळीकडे विरोध करणारे. अम्मानला संसदेत उभे राहिले की मंत्र्यांना घाम फुटतो असं लोक म्हणतात आणि हे ते मान खाली घालून, गालात हसत ऐकतात. मी म्हणायची, घसा तेवढा बसतो तुमचा, सरकार काही पडत नाही.

या खेपेला मात्र मी थट्टा केली नाही. आमच्या गावच्या मुलींच्या शाळेची भिंत पडली आणि तिच्याखाली ज्या पोरी गेल्या त्यांत फिद्दाची रताज होती. एकुलती एक पोर. फिद्दा आमच्याच गल्लीतली, नवरा कधीच वारला, दह्याचे गोळे वाळवून विकते आणि पोट भरते. भिंत बांधली होती बांधकाममंत्र्याच्या मेव्हण्याने. सिमेंट नावाला, बाकी सगळी वाळू. खात्यातल्याच एका इंजिनिअरने यांना गुपचूप येऊन सांगितलं की काम पास करा म्हणून मंत्र्याने स्वतः दम भरला होता. यांनी फिद्दाच्या दारात उभं राहून शब्द दिला, "भर सभागृहात त्याचं नाव घेईन." नाव घेऊन आरोप झाला की मंत्र्याला उठून उत्तर द्यावं लागतं, चौकशी लागते. नुसत्या सरकारला शिव्या घातल्या तर त्या हवेत विरून जातात.

चर्चेच्या आदल्या दिवशी दुपारी हायिलमामा आले, बरोबर गावातले सात-आठ म्हातारे. यांचे वडील लहानपणीच गेले, यांना वाढवलं ते मामांनी. मामांच्या नातवाने गाडी ठोकून माझ्या दिराचा पाय मोडला, तेव्हापासून दोन घरांतलं बोलणं बंद होतं. मोठी माणसं येऊन रीतसर माफी मागत नाहीत तोवर ते बंदच राहतं. म्हणजे मामा माफी मागायलाच आलेत असं आम्ही धरूनच चाललो होतो. मी तर कोकरू शिजायलाही टाकलं होतं.

मागणं घेऊन आलेला पाहुणा आमच्याकडे कॉफीचा कप हातात घेतो आणि न पिता समोर ठेवतो. यजमान "प्या, दिलं" म्हणाला की मगच पितो. एकदा तो घोट घशाखाली गेला की दिलेलं फिरवता येत नाही. फिरवलं तर त्या घरची कॉफी पुन्हा कोणी तोंडाला लावत नाही, त्या घरात सोयरीक करत नाही. म्हणून शहाणा माणूस आधी विचारतो, काय हवंय. पण यांना मोठेपणाची हौस दांडगी.

मी पडद्याआड उभी होते. मामांनी कप खाली ठेवला. ते बोलायला तोंड उघडणार तेवढ्यात हे म्हणाले, "मामा, प्या कॉफी. तुम्ही माझ्या दारात आलात, तोंडाने मागायची वेळ तुमच्यावर आणू का मी? दिलं."

मामा क्षणभर घुटमळले. मला वाटलं, म्हाताऱ्याला भरून आलं. मग त्यांनी कप उचलला, कॉफी प्याले आणि मिशा पुसल्या.

"उद्या मंत्र्याचं नाव घ्यायचं नाही, बाळा. त्याची माणसं माझ्या दारात कप ठेवून बसली होती. मीही त्यांना 'प्या, दिलं' म्हणून बसलोय."

दिराच्या पायाबद्दल ते एक अक्षर बोलले नाहीत. ते पुढे बघू, एवढं जाता जाता म्हणाले.

पाहुण्यांना वाढलं, कारण वाढावं लागतं. ते गेल्यावर मात्र मी तोंड सोडलं. म्हटलं, मोडा शब्द, असला शब्द कसला, हे तर फास टाकून पाखरू धरणं झालं. हे म्हणाले, ज्या माणसाने आपल्या ताटातलं मला भरवलं त्याला गावासमोर मान खाली घालायला लावू का. मी म्हटलं, आणि फिद्दाला काय सांगू. हे समोरची भाकरी तुकडे तुकडे करत बसले, खाल्ली नाही.

सकाळी फिद्दा आमच्या दारात हजर. मीच बोलावलं होतं तिला, महिलांच्या गॅलरीत बसू म्हणून. धुतलेला काळा झगा, रोज उशाशी घेऊन झोपते ती रताजची ओढणी खांद्यावर. तिला तेव्हाच सांगायला हवं होतं. पण जीभ रेटेना. गाडीत अम्मानपर्यंत ती मला खजूर देत राहिली आणि मी मेली ते खात राहिले. हे पुढे बसले होते, एकदाही मागे वळले नाहीत.

सभागृहात यांनी कमाल केली, हे कबूल करायला हवं. वाळूचा विषय काढला, सिमेंटचा काढला, पोरींची वयं सांगितली, सरकारच्या बाकांकडे बोट रोखून विचारलं की तुमच्या लेकी कोणत्या शाळेत जातात. गॅलरीत बायका रडायला लागल्या. विरोधकांनी बाकं बडवली. आणि मग सरकारी बाकांवरूनच एकजण हसत ओरडला, "नाव घ्या की, नाव!" त्याला ठाऊक होतं. त्या सगळ्यांनाच ठाऊक होतं.

अध्यक्षांनी विचारलं, "सन्माननीय सदस्य कोणाबद्दल बोलत आहेत?"

यांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि सगळा संपवला. इतकं पाणी मी यांना कधी पिताना पाहिलं नाही.

"ते सभागृहाला ठाऊक आहे," हे म्हणाले आणि खाली बसले.

फिद्दाने माझा दंड धरला. "घेतलं का गं नाव? मला नीट ऐकू आलं नाही." मी म्हटलं, गलका फार आहे. तेवढ्यात मंत्री उभा राहिला, सन्माननीय सदस्यांनी जो संयम दाखवला त्याबद्दल त्यांचे आभार मानतो म्हणाला आणि विषय संपला. फिद्दाने दंड सोडला. तिला आता नीट ऐकू आलं होतं.

परत येताना तिने खजूर काढले नाहीत.

संध्याकाळपर्यंत मामांच्या कपाची गोष्ट गल्लीभर झाली होती. हे बैठकीत एकटेच बसले होते आणि फिद्दा सरळ आत आली. पुरुषांच्या बैठकीत आमच्यात बाई अशी जात नाही, पण तिला अडवणार कोण आणि कोणत्या तोंडाने? मी कॉफी नेली. तिने कप घेतला, त्याच्याकडे पाहिलं आणि यांच्यासमोर खाली ठेवला. मग हात मांडीवर घेऊन बसून राहिली.

यांनी "दिलं" म्हटलं नाही.  शेवटी खाकरून म्हणाले, "फिद्दा, आधी सांग, काय हवंय तुला?"

फिद्दाने यांच्याकडे पाहिलं. रागाने नाही, आणि म्हणूनच मला ते बघवेना.

"मामांना विचारलं होतंत का, अबू जासर?"

ती उठली आणि गेली. मी कप उचलायला वाकले, तर हे म्हणाले, राहू दे. मी म्हटलं, ठेवून काय होणार, द्या तिला जे हवं ते, नाही तर मला धुऊ द्या. हे भिंतीकडे तोंड करून बसले आणि त्यांचे खांदे हलायला लागले. चाळीस वर्षांच्या संसारात मी यांना रडताना पाहिलं नव्हतं, आणि तरीही मला जवळ जावंसं वाटलं नाही.

पुढच्या आठवड्यात संसद पुन्हा भरतेय. मामांचा कप मी त्याच दिवशी धुऊन ठेवला. फिद्दाचा अजून बैठकीतच आहे, कॉफी आटून तळाशी काळा डाग राहिलाय. पाहुणे येतात, तो कप बघतात, आणि आम्ही पुढे केलेली कॉफी न पिताच खाली ठेवतात. कोणी काही मागत मात्र नाही.