कस्टमच्या दारातून आलेले नाणे

मित्रांनो, मी एक जुने नाणे आहे खरे, पण तुमच्या खिशातल्या नाण्यासारखे चपटे नाही. मी चांदीची वळवलेली गोळी आहे. सयाम देशात, म्हणजे आजच्या थायलंडात, पूर्वी अशीच नाणी चालत. माझा जन्मच घाव सोसून झाला. कारागिराने चांदीची कांडी ऐरणीवर धरली, मधोमध छिन्नी मारली आणि दोन्ही टोके हातोड्याने ठोकून ठोकून आत वळवली. मग पाठीवर चक्राचा छाप उठवला. पुढे एका व्यापाऱ्याला माझ्या पोटात शिसे असल्याची शंका आली. त्याने कुऱ्हाडीचा एकच घाव घालून माझी कूस फोडली. आत पांढरीशुभ्र चांदी दिसली, तेव्हा तो हसला. ती खाच अजून माझ्या अंगावर आहे.

चपटी नाणी आली आणि बाजाराने मला विचारणे सोडले. तोवर मी सोंगखलाच्या मोठ्या सरोवरावर होडी चालवणाऱ्या घराण्यात पोहोचले होते. त्या घरातला प्लोड ताडगुळाची मडकी होडीत भरून गावोगाव विकायचा. त्याच्या आजीने मला त्याच्या करगोट्यात बांधले होते. त्याची लेक लमदुआन मांडीवर बसली, की तिचे बोट हटकून माझ्या खाचेत जायचे. एवढे प्रेम मला राजाच्या टांकसाळीतही मिळाले नव्हते.

एका दुपारी लव्हाळ्यांतून एक डोंगी आली आणि प्लोडच्या होडीला भिडली. तिच्यात दोन दरोडेखोर होते.

"गूळ न्या, भांडी न्या," प्लोड म्हणाला. "पोरं आहेत बरोबर."

"कमरेचं काढ."

"ते आजीचं आहे. ते नाही मिळायचं."

वल्ह्याचा पहिला फटका त्याच्या कानशिलावर बसला. प्लोड पडला, पण मूठ माझ्याभोवती आवळूनच पडला. मग ते मारतच राहिले. त्याची बोटे मोडल्याचा आवाज मी ऐकला. चटयांच्या ढिगाखाली लमदुआन धाकट्या भावाला, थविनला, पोटाशी धरून बसली होती. एका हाताने तिने त्याचे तोंड दाबले होते, दुसऱ्याने डोळे झाकले होते. स्वतःचे डोळे झाकायला तिच्याकडे हात उरला नव्हता.

प्लोडचा श्वास थांबला, तेव्हा सुऱ्याने करगोटा कापला गेला. मी रक्ताने माखले होते. दरोडेखोराने मला सरोवराच्या पाण्यात खळबळले आणि मी पुन्हा चकचकीत झाले. इतक्या सहज स्वच्छ झाल्याची मला आजही लाज वाटते.

मला सीमेपलीकडे, मलेशियातल्या पिनांगला विकले गेले. तिथे मी काचेच्या कपाटात, मखमलीवर राहिले. बडी माणसे भिंग लावून मला पाहत. "ही खाच काय देखणी आहे!" असे कपाटाचे मालक असलेले गृहस्थ म्हणाले. प्लोडचे नाव मात्र तिथे कोणालाच ठाऊक नव्हते.

अशी कित्येक वर्षे गेली. त्या गृहस्थांच्या मृत्यूनंतर माझा लिलाव निघाला आणि माझे छायाचित्र सगळीकडे गेले. सोंगखलात एका पांढऱ्या केसांच्या बाईने ते पाहिले आणि फोनच्या काचेवर, माझ्या खाचेवर बोट ठेवले. ती लमदुआन होती. तिने ताडांची जमीन विकली आणि लिलावात मला विकत घेतले. सीमेवर आयात कर लागणार होता. त्याचे पैसे तिने वेगळे बांधून थविनच्या हाती दिले.

"पिनांगहून घे, कस्टममध्ये दाखव, कर भर, पावती आण," ती म्हणाली.

थविन भडकला. "आपल्याच बापाचं नाणं आपणच विकत घ्यायचं, आणि वर सरकारला कर? त्या चोरांनी नेताना किती भरला होता गं, ताई?"

"तू भर. मी सांगते म्हणून भर."

त्याने मान हलवली, पण मन काही वळले नाही. पिनांगला त्याला काम्फोन भेटला. सीमेवरून चोरटा माल आणणे हाच त्याचा धंदा. थविनने पैसे ठरवून मला त्याच्या हवाली केले. काम्फोनने मला सुक्या मासळीच्या पुड्यात कोंबले आणि रबराच्या मळ्यांतल्या आडवाटेने मोटारसायकलवरून आणले. थविन रिकाम्या हातांनी चौकीतून आला. त्याच्याकडे कोणी पाहिलेही नाही.

सोंगखला बंदरातल्या बर्फाच्या कारखान्यात मला परत द्यायचे ठरले होते. काम्फोन बर्फ भरडणाऱ्या यंत्राला टेकून उभा होता.

"दुप्पट लागतील," तो म्हणाला. "हे काय आहे ते मला आता कळलंय."

थविनने बहिणीला फोन करून पैसे मागितले. तिने खोदून खोदून विचारले, तेव्हा त्याला सगळे सांगावे लागले. "तिथंच थांब, मी निघाले," म्हणून तिने फोन ठेवला.

"ठरलं तेवढंच मिळेल," थविन काम्फोनला म्हणाला.

"मग जा की पोलिसात! काय सांगशील? चोरून आणलेलं नाणं चोरीला गेलं?" काम्फोन खदाखदा हसला आणि त्याने मला यंत्राच्या फिरत्या दातांवर धरले. "भरडू? बर्फात चांदी मिसळून मासळीवर टाकू?"

थविनचा ठोसा त्याच्या तोंडावर बसला. मी उडून गटारात पडले. काम्फोनने बर्फ ओढायचा आकडा उचलला आणि थविनच्या खांद्यात घातला. आकडा हाडापर्यंत गेला. थविन ओरडला, पण मागे हटला नाही. त्याने काम्फोनचे डोके यंत्राच्या कडेवर आपटले, जबडा मोडेपर्यंत आपटले. मग छातीवर गुडघा रोवून त्याने बर्फाची मोठी लादी डोक्यावर उचलली. खाली पडलेला माणूस आता हातही वर करत नव्हता.

"थविन!"

दारात लमदुआन उभी होती. ती धापा टाकत होती.

"बाबांना असंच मारलं होतं रे. तू पाहिलं नाहीस, तुझे डोळे मी झाकले होते. मी पाहिलंय. ते मला पुन्हा दाखवू नकोस."

लादी त्याच्या हातातून निसटली आणि बाजूला पडून फुटली. थविन रक्ताळलेल्या बर्फात बसून लहान पोरासारखा रडू लागला.

लमदुआनने दोघांनाही दवाखान्यात पोहोचवले. गटारात हात घालून मला काढले आणि दुसऱ्याच दिवशी सीमेवरच्या कस्टम चौकीत टेबलावर ठेवले. तिथली अधिकारी तरुण होती.

"मावशी, हे तर आधीच आत आलंय," ती चकित होऊन म्हणाली. "आता करावर दंडही बसेल. तुम्ही आला नसता तर आम्हाला कळलंही नसतं."

"बाबांकडून नेलं तेव्हाही कोणाला कळलं नव्हतं," लमदुआन म्हणाली. "तसं मला आणायचं नाही."

त्या तरुणीने अर्ज पुढे ओढला. "बनलंय कुठं?"

"इथंच."

"मग ह्याला आयात तरी कशी म्हणू?"

"बाहेर गेलं होतं, परत आलं. लिही पोरी."

दंड भरायला घरची होडी विकावी लागली. लमदुआनने मला प्लोडच्या अस्थींच्या कलशाजवळ ठेवले. थविनचा उजवा हात आता खांद्याच्या वर जात नाही. सकाळी ताई त्याच्या सदऱ्याची बाही चढवते. तेव्हा तो माझ्याकडे बघत नाही.

मित्रांनो, मोठेपणी तुमच्यापैकी कोणी परदेशातून आमच्यासारखी नाणी आणेल. आम्हाला घासूनपुसून चकाकी आणू नका. आमचे डाग आमचेच असू द्या. आणि आणाल तेव्हा चौकीतून, उजळ माथ्याने आणा. कर जड वाटला तर खुशाल आम्हाला तिकडेच राहू द्या. आम्ही धातू आहोत, आणखी शंभर वर्षे वाट पाहू. माणसाचा खांदा मात्र पुन्हा पहिल्यासारखा होत नाही.