पाणीवाल्या बाईंचं दुसरं कडवं

"एका माणसासाठी अख्खी गाडी शहरात न्यायची आणि रिकामी परत आणायची, हे आता जमायचं नाही," नवऱ्याने चहाचा कप खाली ठेवत जाहीर केलं.

बाई किल्ली शोधत होत्या. अख्खी म्हणण्याइतकी ती गाडी होती कुठे? चौदा वर्षांची, चार माणसं बसली की दारं जपून लावावी लागत अशी. मागच्या डाव्या दाराचं कुलूप दोन वर्षांपासून लागतच नव्हतं, आणि ते दुरुस्त करायचं मनात आलं की नेमकं पेट्रोल महाग व्हायचं. त्या सकाळी तर भाव चार महिन्यांत तिसऱ्यांदा वाढला होता. अशा दिवशी नवऱ्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो, हे सव्वीस वर्षांच्या संसारात बाईंना कळून चुकलं होतं. नवऱ्याचं चष्म्याचं दुकान घरापासून तीनशे पावलांवर. पेट्रोलशी त्याचा संबंध यायचा तो फक्त वर्तमानपत्रातून, त्यामुळे पेट्रोलवर घरात सर्वात जास्त मतं त्याचीच असत.

"तीन सीटा रिकाम्या जातात," सासूबाई आतून म्हणाल्या. एरवी त्यांना दाराची बेलही ऐकू येत नसे.

बाई शहरातल्या पाणीपुरवठा कार्यालयात हेडक्लार्क होत्या. नवीन नळजोडणीचा प्रत्येक अर्ज त्यांच्या टेबलावरून जायचा, म्हणून कॉलनीत सगळे त्यांना पाणीवाल्या बाई म्हणत. कॉलनी शहरापासून चौतीस किलोमीटर लांब. इथे घर घेतलं तेव्हा पेट्रोल स्वस्त होतं, हवा मोकळी होती आणि बिल्डरच्या पाटीवर 'शहरापासून फक्त पस्तीस मिनिटं' असं ठसठशीत लिहिलेलं होतं. ती मिनिटं त्याने कशात बसून मोजली, देव जाणे. बाईंना सव्वा तास लागायचा. ऑफिसातल्या बायका हळहळायच्या, एवढा प्रवास करता तरी कशा म्हणायच्या. बाईही चेहरा पाडून "काय करणार" म्हणायच्या आणि मनातून खूश असायच्या.

कारण त्या सव्वा तासात बाई गायच्या.

हे कुणालाही माहीत नव्हतं. लहानपणी गाण्याच्या मास्तरांनी तिसऱ्या दिवशी वडिलांना गाठून महिन्याची फी परत केली होती, आणि मुलीला शिवणाच्या क्लासला घाला असा सल्लाही फुकट दिला होता. लग्न झाल्यावर एकदा स्वयंपाकघरात त्या जरा मोकळ्या गळ्याने गुणगुणल्या, तर सासूबाई धावत आल्या आणि म्हणाल्या, कुठे भाजलं गं? तेव्हापासून बाईंनी घरात तोंडातून सूर काढला नाही. पण कॉलनीचं फाटक मागे पडलं, पेट्रोल पंप मागे पडला आणि उड्डाणपुलाचा चढ लागला, की त्या चारही काचा वर करायच्या आणि सुरू व्हायच्या. आवाज जाडा, सूर आपल्या मर्जीचा, पण काय गायच्या! सिग्नलला शेजारच्या गाडीतली माणसं बघत, तर बघू देत. त्यांना कुठे बाईंच्या सासूबाई माहीत होत्या?

पंचाईत एकच होती. जुनी गाणी बाईंना पहिल्या कडव्यापुरतीच पाठ. दुसरं कडवं आलं की शब्द गुल. पण म्हणून चाल वाया घालवतील त्या बाई कसल्या? एकवीस वर्षं तोंडात बसलेले शब्द त्या बिनदिक्कत घालायच्या. विरहाचं गाणं असो नाहीतर अंगाईगीत, दुसऱ्या कडव्यात 'अर्जदाराने सोबत घरपट्टीची पावती जोडावी' हे यायचंच, आणि 'जोडावी'वरची तान पंपिंग स्टेशन येईपर्यंत चालायची. ऑफिसात त्या गाडीतून उतरत तेव्हा चेहऱ्यावर असा काही तजेला असायचा की साहेबसुद्धा वाट सोडत.

आता नवऱ्यासमोर यातलं काय बोलणार? मला गायला गाडी रिकामी लागते, असं पन्नाशी ओलांडलेल्या बाईने सांगायचं? बाईंनी किल्ली पर्समध्ये टाकली आणि बघू म्हणाल्या. संध्याकाळी परत येईपर्यंत नवऱ्याने तिन्ही सीटा भरल्या होत्या.

पुढच्या सीटवर विमावाले. गेली वीस वर्षं कॉलनीत विमा विकून आता विकायला माणूस उरला नव्हता, म्हणून ते शहरात जात. पेट्रोल कसं वाचवावं यावर त्यांचा गाढा अभ्यास. तिसरा टाका, आता चौथा टाका, ब्रेक कशाला लावता, लांबूनच पाय उचलायचा. मागे उजवीकडे भूगोलाच्या मॅडम. त्यांना डावं-उजवं मान्य नव्हतं. पुढच्या चौकात वायव्येला वळा म्हणायच्या आणि बाई वायव्य शोधेपर्यंत चौक निघून जायचा. मग विमावाले आणि मॅडम यांच्यात दिशांवरून जुंपायची. आणि मागे डावीकडे, त्या न लागणाऱ्या दाराशी, घड्याळजी.

घड्याळजी म्हणजे साठी उलटलेले, वाळकुडे, अबोल गृहस्थ. शहरात त्यांचं हातभर रुंदीचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान होतं. बसल्यावर "नमस्कार" आणि उतरताना "येतो", एवढीच त्यांची शब्दसंपत्ती. पण कान असे तिखट की मॅडमच्या मनगटावरचं घड्याळ दिवसाला दोन मिनिटं मागे पडतंय, हे त्यांनी नुसतं शेजारी बसून सांगितलं होतं. ते ऐकल्यापासून बाई गाडीत साधं गुणगुणायलाही घाबरू लागल्या.

पेट्रोलचा खर्च चौघांत वाटला गेला, नवरा खूश झाला आणि बाईंचं बिनसलं.  त्यांनी घरी बाथरूममध्ये नळ सोडून गाऊन पाहिलं, तर नवऱ्याने दार ठोठावलं आणि विचारलं, पाणी गेलं का, नळातून हवा येतेय. कार्यालयात त्या लोकांच्या अंगावर जाऊ लागल्या. एका आजोबांचा अर्ज केवळ सही तिरकी आहे म्हणून त्यांनी परत पाठवला. आजोबा जिना उतरले, आणि बाईंना इतकं वाईट वाटलं की त्यांनी मागे धावत जाऊन अर्ज परत घेतला. दीड महिना असा गेला. आपण आपल्याच गाडीच्या ड्रायव्हर झालोय, असं त्यांना वाटू लागलं.

मग एका मंगळवारी देवच पावला. पहाटे भूगोलाच्या मॅडमचा निरोप आला, शाळेला सुट्टी. पाठोपाठ विमावाल्यांचा आला, ताप. घड्याळजींकडे निरोप धाडण्याजोगा फोन नव्हता, पण ते आदल्या संध्याकाळीच म्हणाले होते, पाठ धरलीय, सव्वासातपर्यंत दिसलो नाही तर माझ्यासाठी थांबू नका.

बाई सात वाजून बारा मिनिटांनी खाली आल्या. पर्स पुढच्या सीटवर फेकली. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. गेटपाशी कुणी नाही, जिन्यात कुणी नाही. सव्वासात झाले. सव्वासातवर सेकंदकाटा पुरता फिरला आणि बाईंनी गाडी अशी काढली की वॉचमन खुर्चीतून उठून उभा राहिला.

उड्डाणपूल आला, काचा वर झाल्या, आणि दीड महिन्याचं तुंबलेलं सगळं एकदम सुटलं. त्या दिवशी बाई जशा गायल्या तशा जन्मात गायल्या नव्हत्या. चार गाणी झाली, सात झाली. विरहाच्या गाण्यात त्यांना खरोखर रडू आलं, आणि त्याच भरात त्यांनी घरपट्टीची पावती अशी काही उंचावर नेऊन जोडली की पुढचा ट्रक बाजूला झाला. ऑफिसच्या आवारात गाडी लावली तरी गाणं संपलं नव्हतं. त्यांनी इंजिन बंद केलं, डोळे मिटले आणि शेवटचा सूर दम संपेपर्यंत लांबवला.

"बाई," मागून आवाज आला, "माझा चौक मागे राहिला."

 त्यांनी वळून पाहिलं. मागच्या सीटवर घड्याळजी गुडघे दुमडून उताणे पडले होते, अंगावर स्वतःचा कोट होता. डॉक्टरांनी पाठ सरळ ठेवून पडायला सांगितलं होतं. सात वाजताच ते खाली आले, दार उघडंच होतं म्हणून जरा आडवे झाले आणि डोळा लागला. हे सगळं त्यांनी तुकड्या-तुकड्यांत सांगितलं, आणि तेवढा वेळ बाईंना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं होतं.

"तुम्ही... कधीपासून जागे आहात?"

घड्याळजींनी कोट नीट घडी करून हातावर टाकला.

"हे काय, आत्ताच. गाडी थांबली आणि जाग आली." मग "येतो" म्हणून ते पाठीवर हात ठेवून, वाकत वाकत आवाराबाहेर गेले.

पुढचे चार दिवस बाई जीव मुठीत धरून वावरल्या. माणूस साठीचा, पाठ धरलेली, गोळ्या घेतलेल्या, लागली असेल गाढ झोप. पण ते कान! विमावाल्यांना कळलं असतं तर संध्याकाळपर्यंत कॉलनीत आणि रात्री जेवताना सासूबाईंपर्यंत गेलं असतं. बाई गाडीतल्या आरशातून घड्याळजींकडे चोरून पाहायच्या. ते खिडकीबाहेर पाहत असायचे. कॉलनीत कुणी काही बोललं नाही. सासूबाई फक्त मीठ जास्त झालंय एवढंच म्हणाल्या.

शनिवारी मात्र वेगळंच घडलं. विमावाले गाडीत बसले ते खाकरूनच. त्यांचं म्हणणं असं की कुठलंही यंत्र आठवड्यातून एक दिवस बिनओझ्याचं चालायला हवं. नाहीतर स्प्रिंगा बसतात, स्प्रिंगा बसल्या की इंजिन जास्त ओढतं, आणि इंजिनाने ओढलं की पेट्रोल गेलंच समजा. म्हणून बुधवारी गाडीत कुणी बसू नये, तिघांनी बसने जावं. यात वर्षाला किती पेट्रोल वाचेल, ते त्यांनी तीन सिग्नलभर समजावून सांगितलं. मॅडमनी हरकत घेतली नाही. बुधवारी त्यांची शाळा उशिरा भरायची, आणि बस निदान आग्नेयेकडून तरी जायची.

"हे तुमच्या डोक्यात आलं कसं?" बाईंनी विचारलं.

विमावाले म्हणाले, हा आपला स्वतःचा अभ्यास. घड्याळजींशी बोलताना नुसता विषय निघाला होता, की घड्याळाचीसुद्धा किल्ली अधूनमधून पूर्ण उतरू द्यावी लागते. बाईंनी आरशात पाहिलं.

"आता बुधवारी मीही दुकान बंद ठेवणार आहे," घड्याळजी खिडकीला उद्देशून म्हणाले.

घरी नवऱ्याला स्प्रिंगांचं शास्त्र पटलं नाही. बुधवारी एकटीने पेट्रोल जाळायचं तर तो खर्च कोण करणार, असं त्याने विचारलं. सासूबाई कान देऊन बसल्या.

"मी करणार," बाई म्हणाल्या. "बुधवार माझा आहे."

 बाईंचा आवाज ऐकून नवरा चष्मा पुसायला लागला.

बुधवार उजाडला. बाई एकट्याच निघाल्या. फाटकाबाहेर बसथांब्यावर ही मोठी रांग होती. पेट्रोल महागल्यापासून निम्म्या कॉलनीच्या गाड्या झाकून ठेवलेल्या आणि माणसं रस्त्यावर. बाईंनी सहज नजर टाकली. रांगेत, मधोमध, घड्याळजी उभे होते. एका हातात डबा आणि हत्यारांची पिशवी, दुसरा हात पाठीवर.

बाईंनी करकचून ब्रेक दाबला. विमावाले असते तर कळवळले असते.

"तुम्ही आज दुकान बंद ठेवणार होतात ना?" त्यांनी काच खाली करून विचारलं.

घड्याळजींनी पिशवीकडे पाहिलं. ती लपवायला जागा नव्हती.

"बसा ना, पाठ दुखत असेल," बाई म्हणाल्या. 

"उभं राहिलं की पाठीला बरं वाटतं." मागून बस आली आणि हॉर्न वाजवायला लागली. रांग हलली. घड्याळजी दोन पावलं पुढे सरकले आणि गाडीच्या खिडकीपाशी जरासे वाकले.

"तुम्ही व्हा पुढे, बाई. आणि घरपट्टीची पावती तेवढी जोडायला विसरू नका."

बसने पुन्हा हॉर्न दिला. बाईंनी गिअर टाकला, कितवा ते त्यांनाही कळलं नाही. आरशात घड्याळजी बसच्या पायरीवर चढताना दिसले. आत बसायला जागा नव्हती. वरच्या दांडीला धरून ते दारातच उभे राहिले.

पंप गेला. तिथल्या फलकावर आकडे पुन्हा बदलले होते, बाईंनी पाहिलेही नाहीत. उड्डाणपुलाचा चढ लागला. त्यांनी तीन काचा वर केल्या. मागची डावी मात्र तशीच उघडी राहू दिली, आणि त्या दिवशी त्यांनी गाणं दुसऱ्या कडव्यापासून सुरू केलं.