निरोपावर बसवलेला पंखा

पिकअपला विजेचा पंखा आणि त्याचा कंट्रोलर बसवायला दोन माणसं पुरतात. इथे तीन लागली, कारण त्यातली दोन एकमेकांशी बोलत नव्हती. तिसऱ्या काकू.

काका सुतार होते. दारं, खिडक्या, कपाटं करायची आणि स्वतःच्या पिकअपमधून पोचवायची, हा त्यांचा धंदा. मुलगा फ्रिज आणि एसी दुरुस्त करायचा आणि दोन गल्ल्या सोडून बायकोबरोबर राहायचा. दीडएक वर्षापूर्वी त्याने मित्राचं सामान हलवायला पिकअप नेली, टेकडीच्या चढावर तापमानाच्या काट्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही आणि इंजिन उकळवून आणलं. काका चारचौघांत म्हणाले, "दुनियेचं गार करतो, आणि बापाची गाडी तापवतो." लोक हसले. मुलाने किल्ली बोनेटवर ठेवली आणि चालता झाला. तेव्हापासून बापलेकांचा सगळा कारभार काकूंच्या तोंडून चालायचा.

काकू निरोप जसाच्या तसा कधीच पोचवत नसत. भाजी निवडावी तसा निवडत. सडकं तेवढं काढून टाकत, आणि उरलेलं फारच थोडं दिसलं तर पदरचं घालत. काकांचं पित्ताच्या खड्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा मुलाला कळवूनही तो फिरकला नाही. काकू रोज दवाखान्यात संत्री घेऊन गेल्या आणि रोज म्हणाल्या, "पोराने पाठवलीत." काका सोलून खात. विचारत मात्र काही नसत.

आजचा घाटही काकूंनीच घातला होता. इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा जुना पंखा खिळखिळा झाला होता, आणि दुसऱ्या दिवशी त्याच टेकडीवर शाळेची दारं पोचवायची होती. मुलाला त्या म्हणाल्या, "हे म्हणत होते, तुझ्याशिवाय हे काम कुणाला जमायचं नाही." काकांना म्हणाल्या, "पोरगं विचारत होतं, बाबा गाडीला हात लावू देतील का." दोघांपैकी कुणीही असलं अवाक्षर काढलं नव्हतं. समोरचा नमला असं समजून दोघंही खुशीत आले. एकदा बोनेटखाली डोकी एकत्र आली की झक मारत बोलतील, असा काकूंचा हिशेब होता. बोलले की आपलं बिंग फुटेल, हे त्यांना बोनेट उघडल्यावर सुचलं.

सुदैवाने शेजारी फरशीवाला होता. त्याचं फरश्या कापायचं मशीन सकाळपासून किंचाळत होतं. कानाला तोंड लावल्याशिवाय शब्द कळत नव्हता. काका पुढे बोनेटखाली, मुलगा केबिनमध्ये डॅशबोर्डखाली वाकलेला, आणि काकू दाराकडून बोनेटकडे, बोनेटकडून दाराकडे.

"तुझ्या लेकाला विचार, डबी कुठे लावू?" काका ओरडले. डबी म्हणजे कंट्रोलर. पाणी तापलं की तो आपणहून पंखा चालू करणार होता.

"सायलेन्सरच्या पाइपापासून लांब," मुलगा म्हणाला. "ती काय शेगडीवर ठेवायची किटली आहे?"

"पाइपापासून लांब म्हणतोय," काकूंनी सांगितलं. किटली त्यांनी गिळली.

काकांनी बॅटरीमागचा पत्रा पसंत केला, भोकं पाडली आणि पाणसळ लावून डबी बसवली. पाणसळीतला बुडबुडा अगदी मधोमध होता. गाडी उतारावर उभी होती, त्यामुळे डबी जगाच्या हिशेबाने सरळ आणि गाडीच्या हिशेबाने तिरकी बसली. मुलाने खाली उतरून पाहिलं आणि आईच्या कानात म्हणाला, "विचार त्यांना, गाडी चढाला लागली की ही सरळ करायला कोण येणार?"

"कसा हात बसलाय म्हणतो," काकूंनी पोचवलं.

काकांनी पाणसळ जरुरीपेक्षा जास्त वेळ पुसली.

मग मुलगा वायर ओढायला गाडीखाली शिरला. पंख्याच्या दोन वायरी काकांनी जोडायच्या होत्या. खालून मुलाला त्यांचे हात दिसत होते. त्याने आईला खुणेने खाली बोलावलं.

"डोळे काय रंध्याखाली ठेवून आलेत? लाल वायर काळीला लावतायत. म्हणावं, एवढं तरी बघून करा!"

काकू उठल्या. वायरीचं काहीतरी होतं खरं, पण ते डोळ्यांना इतकं चिकटलं होतं की एक काढून दुसरं ठेवणं जमेना. त्यांनी सगळंच काढून टाकलं. "डोळे जपा म्हणतोय," त्या काकांच्या कानात म्हणाल्या.

काका थांबले. "असं म्हणाला?"

"म्हणाला."

काकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "त्याला म्हणावं, जमीन ओली आहे. पाठीखाली पोतं घे."

काकूंना हा निरोप निवडायची गरजच नव्हती. त्या गुडघ्यांची पर्वा न करता खाली वाकल्या आणि शब्दन् शब्द सांगितला.

"हे तू घातलंस," मुलगा म्हणाला.

"नाही रे. खरंच म्हणाले."

"आई, पुरे."

काकू पोतं हातात घेऊन उभ्या राहिल्या. त्यांना फार वाईट वाटलं. दीड वर्ष खोटं खपलं होतं, आणि खरं पहिल्याच खेपेला परत आलं होतं.

मुलाने इंजिन चालू केलं. काटा वर चढत गेला, डबीतून टक आवाज आला आणि पंखा भरारा फिरू लागला. काकूंनी डोळे मिटून हात जोडले. काटा मात्र थांबेना. तो लाल रेघेला टेकला तेव्हा मुलाने घाईने इंजिन बंद केलं. नेमकं तेव्हाच फरशीवाल्यानेही मशीन बंद केलं. त्याची जेवायची वेळ झाली होती.

एवढी शांतता काकूंना कधीच नको होती.

काकांनी वर्तमानपत्राचं पान घेतलं आणि पुढच्या जाळीसमोर धरलं. इंजिन बंद झालं तरी विजेचा पंखा अजून फिरतच होता. पान जाळीला चिकटायचं सोडून फडफडत उडालं आणि काकूंच्या पायाशी पडलं.

"उलटा फिरतोय," काका म्हणाले. ते कुणाला उद्देशून नव्हतं, पण ऐकणारा एकच होता.

"मी सांगितलं होतं ना, लाल काळीला लागतेय म्हणून!"

"मला? मला तू डोळे जपा म्हणालास."

"मी म्हणालो, डोळे रंध्याखाली ठेवून आलात का."

दोघांनी काकूंकडे पाहिलं. काकू खाली वाकून पान उचलू लागल्या.

"आणि कसा हात बसलाय म्हणालास ते?"

"छे. पण तुम्हीच म्हणालात ना, माझ्याशिवाय जमायचं नाही?"

"मी कशाला म्हणतोय? तूच विचारत होतास, गाडीला हात लावू का."

"मी?"

एकेक करत सगळं बाहेर आलं. काकू त्या पानावरची घडी नीट करत राहिल्या. आता बोलायला लागलेच आहेत, तर दोघं मिळून आपल्यालाच वाळीत टाकतील, असं त्यांच्या मनात आलं.

"आणि पोतं घे म्हणालो, तेवढंही ऐकलं नाहीस," काका म्हणाले. "बघ पाठ. सगळी भिजलीय."

मुलाने खांद्यावरून हात मागे नेऊन पाठ चाचपली. मग आईच्या काखेतल्या पोत्याकडे पाहिलं.

काकांनी चष्मा काढला. बराच वेळ पुसला. मग आवाज खाली आणून विचारलं, "आणि दवाखान्यात संत्री पाठवायचास, ती?"

काकूंचे घडीवरचे हात थांबले. मुलगा त्यांच्याकडे पाहत होता. संत्र्यांचं त्याला काहीच ठाऊक नव्हतं, आणि आता सगळं ठाऊक झालं होतं.

"ती मीच पाठवायचो," तो म्हणाला.

काकांनी चष्मा परत घातला. "आंबट होती."

"दुकानदार बदलायला हवा होता."

काकूंनी त्यातलं एकेक संत्रं हातात तोलून, वास घेऊन निवडलं होतं. त्यांच्या अगदी ओठावर आलं होतं. त्यांनी ते गिळलं.

मुलाने वायरी सोडवल्या. काकांनी पक्कड त्याच्या हातात दिली, आणि तिच्याबरोबर कुठलाही निरोप नव्हता. लाल लालला, काळी काळीला. पंखा पुन्हा फिरू लागला.

"आई, पान धर गं," मुलगा म्हणाला.

काकूंनी पान जाळीवर ठेवलं. ते घट्ट बसलं. दोघं पलीकडे काट्यावरून वाद घालायला लागले. पान आता कुणी धरायची गरज नव्हती, तरी काकू दोन्ही हातांनी ते दाबून धरून उभ्या राहिल्या.