टेलरबाईंची साक्ष

टेलरबाई मंडळात आल्या त्याला वीस वर्षं होऊन गेली होती. मंडळाचं काम तसं साधं. दूरच्या एका डोंगरात, झऱ्यावर कपडे धुणाऱ्या बाईला मरिया मातेने दर्शन दिलं आणि सांगितलं, रोज माळ जपा, प्रायश्चित्त करा, आजाऱ्याच्या उशाशी बसा. हा संदेश घरोघरी पोचवायचा. दर शनिवारी मातेची हातभर मूर्ती घेऊन सात-आठ जण कुणाच्या तरी घरी जात, माळ म्हणत आणि शेवटी टेलरबाई साक्ष देत.

ती ऐकायला लोक लांबून येत. लेक पाच वर्षांची असताना तिच्या हृदयात छिद्र निघालं. ऑपरेशनची तारीख ठरली. आदल्या दिवशी टेलरबाईंनी मातेपुढे गुडघे टेकले आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टर बघतात तर छिद्र बुजलेलं! इथवर आलं की बायका डोळे पुसत. मंडळाचे अध्यक्ष निवृत्त पोस्टमास्तर होते. ते म्हणत, टेलरबाईंची साक्ष म्हणजे रजिस्टर पत्र, पोचणार म्हणजे पोचणार. मंडळाच्या पत्रकावर त्यांनी ती छापूनही घेतली होती.

लेक आता मोठ्या हॉस्पिटलात हृदयाची सोनोग्राफी करायची. मंडळाच्या वाटेला ती फारशी जात नसे आणि आईही तिला आग्रह करत नसे. एका गुरुवारी दुपारी ड्युटीवरून ती घरी न जाता थेट दुकानात आली. टेलरबाई शर्टाला काजं करत होत्या.

"आई, बेकरीवाल्यांच्या चिमणीला सोमवारी ऑपरेशनला आणायचं होतं. आणलंच नाही."

चिमणी चार वर्षांची. तिच्या घरी मंडळाचे नऊ शनिवार चालू होते, दोन झाले होते. लेकीने बेकरीवालीला फोन केला तर ती म्हणाली होती, टेलरमावशींच्या मुलीचं ऑपरेशन न करता बुजलं, आमचंही बुजेल. लेकीने सांगितलं की ती मुलगी मीच. त्यावर बेकरीवाली म्हणाली, मग तर तुम्हाला कळायलाच हवं.

"माझी तारीख कधी ठरली होती गं, आई?"

टेलरबाईंची सुई थांबली. तारीख कधीच ठरली नव्हती. छिद्र बारीक आहे, बहुतेक आपोआप बुजेल, सहा महिन्यांनी दाखवायला आणा, असं डॉक्टर म्हणाले होते. ते बुजायला तीन वर्षं लागली. त्या तीन वर्षांत टेलरबाईंनी एक दिवस माळ चुकवली नाही, एवढं मात्र अक्षर न् अक्षर खरं होतं. तारीख नंतर आली. मंडळात आल्याला वर्ष झालं असेल. कुणाच्या तरी घरी लोक चुळबुळ करत होते, घड्याळाकडे बघत होते, आणि ते वाक्य तोंडून निसटलं. सगळे सावरून बसले. पुढच्या शनिवारी ते गाळावं असं वाटेना. मग तीन वर्षांचा एक दिवस झाला.

"म्हणजे मातेने तुला बरं केलं नाही, असं म्हणायचंय तुला?"

"ते मला ठाऊक नाही. मला चिमणीच्या छिद्राचं माप ठाऊक आहे. ते बुजणारं नाही."

त्या रात्री टेलरबाईंना अन्न गोड लागलं नाही. सकाळीच त्या मास्तरांकडे गेल्या. मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि सल्ला दिला की बेकरीवालीला एकटीला गाठून हळूच समजवा. चारचौघांत शब्द फिरवलात तर लोक मातेवरच शंका घेतील.

तशा त्या बेकरीत गेल्या. बेकरीवाली पावांचे ट्रे पुसत होती. सगळं सांगून झालं तरी तिच्या चेहऱ्यावरची रेषा हलली नाही. ती म्हणाली की लेकीने तुमच्यावर दडपण आणलंय, हे तुमचे शब्दच नव्हेत. वर तिनेच टेलरबाईंना पाणी दिलं, धीर सोडू नका म्हणाली. वीस वर्षं खोटं बोललेली बाई खरं बोलत होती, तर ते कुणाला पटेना.

शनिवारी बेकरीवाल्यांची खोली भरली होती. चिमणी बापाच्या मांडीवर बसून धापा टाकत होती. माळ संपली. मास्तरांनी मान हलवून खूण केली. टेलरबाई उभ्या राहिल्या आणि कुठेही तिखटमीठ न लावता सांगू लागल्या: छिद्र बारीक होतं, तारीख ठरली नव्हती, तीन वर्षं डॉक्टरांकडे खेटे घातले. मागच्या बाईने त्यांचा हात ओढला. मास्तर जमिनीकडे बघत राहिले.

बेकरीवाला तोवर कधी कुणाशी दोन वाक्यं बोलला नव्हता. त्याने विचारलं, "तुम्हाला डॉक्टर ऑपरेशन करा म्हणाले असते, तर तुम्ही केलं असतंत?"

"त्याच दिवशी," टेलरबाई म्हणाल्या.

तो चिमणीला घेऊन उठला आणि आतल्या खोलीत तिचे कपडे भरू लागला. बेकरीवाली मूर्तीपुढे बसून राहिली.

पण हुकलेली तारीख दुसऱ्या मुलाला गेली होती. नवी मिळेपर्यंत चिमणीला न्यूमोनिया झाला. तीन आठवडे ती ऑक्सिजनवर होती, आणि ऑपरेशन झालं तेव्हा फुप्फुसांवर ताण येऊन गेला होता. औषधं बरीच वर्षं चालणार, असं लेकीने घरी सांगितलं. आईकडे न बघता.

मंडळाने टेलरबाईंचं नाव साक्षीतून काढलं, पत्रकं परत मागवली. काहींनी शिवायला टाकलेले कपडेही अर्धवट उचलून नेले. आजाऱ्याच्या उशाशी बसा, एवढंच त्यांना आता संदेशातलं जमण्यासारखं वाटत होतं. चिमणी ऑक्सिजनवर होती त्या तीन आठवड्यांत त्या रोज दुपारी दुकान बंद करून हॉस्पिटलात जायच्या. उशाशी जायची सोय नव्हती, म्हणून वॉर्डाबाहेरच्या बाकाच्या एका टोकाला बसायच्या. दुसऱ्या टोकाला बेकरीवाली. ती बोलायची नाही, पण उठूनही जायची नाही.

नवव्या दिवशी आतून नर्स आली आणि रक्त लागेल म्हणून सांगून गेली. बेकरीवाला धावत खाली गेला. समोरच्या भिंतीकडे बघत बेकरीवाली म्हणाली, "मावशी, माळ म्हणा. साक्ष नको."

टेलरबाईंनी खिशातून माळ काढली आणि सुरुवात केली. चौथ्या की पाचव्या मण्याला बेकरीवालीचा आवाज त्यात मिसळला.